तिला चहा देऊ नका

जयपूरला आल्यापासून माझं कशात मन लागत नव्हतं. ह्यांची विमा कंपनीतली नोकरी, दर तीन वर्षांनी बदली. तिलक नगरमधलं हे आमचं सातवं बिऱ्हाड. मुलगी शिकायला बंगळूरला. ह्यांचा डबा भरून दिला की मी या खिडकीतून त्या खिडकीत येरझाऱ्या घालायची. त्यामुळे शेजारच्या बाईंनी जेव्हा विचारलं, “परदेस की लड़की है जी, सोडाला के स्कूल में सेवा करने आई है, छह महीने रख लोगी?” तेव्हा ह्यांना न विचारताच मी हो म्हणून बसले.

मुलगी पोलंडची. पंचविशीच्या आतली, लांबलचक, पाठीवर स्वतःएवढं ओझं. सोडाला भागातल्या मुलींच्या शाळेत बिनपगारी इंग्रजी शिकवायला आली होती. येण्याआधी हिंदी थोडीफार शिकून घेतली होती. दारात उभी राहून म्हणाली, “आंटीजी, मैं काम करने आई हूँ।”

मी म्हटलं, “हो हो, आधी जेव.”

त्यानंतर तिला मी काही म्हणजे काही करू दिलं नाही. आपल्या घरी पाहुण्यानं ताट उचलायचं म्हणजे काय? ती ताट उचलायला गेली की मी हातातून काढून घ्यायची. बाथरूममध्ये दोन बादल्या गरम पाणी तयार. तिनं चोरून शर्ट धुतला तर मी तो पुन्हा धुवून, इस्त्री करून ठेवला. झाडू तर तिच्या नजरेलाही पडू दिला नाही.

शाळेचीही तीच तऱ्हा. मुख्याध्यापिकेच्या खोलीत तिच्यासाठी खास गादीची खुर्ची होती. गेल्या गेल्या चहा, मग कचोरी, मग कुणीतरी बघायला यायचं, फोटो, पुन्हा चहा. वर्गात गेली की मुली उभ्या राहून स्वागतगीत म्हणायच्या, आणि गीत संपेपर्यंत तास संपायचा. दुपारी ती घरी यायची ती सरळ गच्चीवर. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची. खालची मालकीणबाई एकदा मला म्हणाली, “ऊपर घोड़ा बाँध रखा है क्या?” मला हसू आलं, पण वर जाऊन विचारावंसं काही वाटलं नाही. थंडी आहे, चालत असेल, असं म्हटलं.

एका शनिवारी जेवताना ती म्हणाली, “आंटीजी, मैं सोमवार को स्कूल में बोल दूँगी। मैं वापस जाती हूँ।”

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. “का गं? मतलब, क्या कम पड़ा?”

“कुछ कम नहीं। सब बहुत ज़्यादा।” तिला शब्द सापडेनात. मग एकदम म्हणाली, “स्कूल में चाय। घर में चाय। मैं पोलैंड से चाय पीने नहीं आई।”

मला राग आला. एवढं केलं, वर हे! ह्यांच्यापाशी मी तास-दीड तास कुरकुरले. खरं सांगायचं तर ती जायला नको होती मला. ती आल्यापासून दुपारी कुणाची तरी वाट बघायची असे. ती गेली की पुन्हा मी आणि खिडक्या.

दुसऱ्या दिवशी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. खातीपुऱ्याच्या रेल्वे कॉलनीतल्या, ह्यांच्या ऑफिसातल्या, मिळून बऱ्याच मराठी बायका यायच्या होत्या. मटाराच्या करंज्या ठरवलेल्या, आणि नेमकी कामवाली आली नाही. पाटीभर मटार तसेच पडलेले, सारण व्हायचंय, कणीक भिजवायचीय, आणि ही मुलगी दाराशी उभी राहून माझ्याकडे बघतेय. कालचा राग होताच. मी चक्क मराठीत ओरडले, “बघतेस काय नुसती? बस खाली आणि सोल ते मटार!”

तिला शब्द कळले नसतील, पण आवाज कळला. ती फतकल मारून बसली आणि सोलायला लागली. मग तिनं करंज्यांच्या कडा दाबल्या, वाकड्यातिकड्या. मी दोन उलगडून तिच्यापुढे परत टाकल्या. “नीट कर.” तिनं नीट केल्या.

बायका आल्या तेव्हा ती पिठानं माखलेली होती. खातीपुऱ्याच्या एक बाई वऱ्हाडाकडच्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अवं ताई, पाहुणीले कामाले लावलं का वो तुमी?” मी लाजले. पण वळून पाहिलं तर मुलगी कपांचा ट्रे घेऊन बायकांमधून वाट काढत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते इतक्या आठवड्यांत मी पाहिलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बायका गेल्या आणि मी मुख्याध्यापिकेला फोन लावला. म्हटलं, “मैडमजी, कल से उसको चाय मत दीजिए। कुर्सी भी मत दीजिए। काम दीजिए, नहीं तो चली जाएगी।”

पलीकडून गार आवाजात, “हमारे यहाँ मेहमान को ऐसे नहीं रखते जी।” आणि फोन बंद.

हे म्हणाले, “पाहुण्याला चहा देऊ नका म्हणून कुणी फोन करतं का?”

सोमवारी मला काही सुचेना. दुपारचे तीन झाले, चार झाले, तिचा पत्ता नाही. शाळेत सांगून थेट तिकीट काढायला गेली असणार. मी भाजी निवडायला घेतली, टाकली, गॅलरीत गेले, आत आले. मुख्याध्यापिकेला पुन्हा फोन करायचं धाडस होईना.

पाच वाजून गेल्यावर ई-रिक्षा थांबली. ओढणी कमरेला बांधलेली, बाहीवर खडूची पूड, घसा बसलेला. आत येऊन ती धप्पकन जमिनीवरच बसली.

“सातवीं क्लास पूरी मुझे दी,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “लड़कियाँ सुनती नहीं। बहुत शोर। मैडम आई, उन्होंने मुझे डाँटा। सबके सामने!” सांगताना ती हसत होती. “और कल सात बजे पहुँचना है। लेट हुई तो फिर डाँट पड़ेगी।”

मग जेवायच्या आधीच तिनं मोबाइलवर पहाटेचा गजर लावला. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीत एक धपाटाच घातला.

ती हातपाय धुवायला गेली आणि मी तिथेच बसून राहिले. मला तिचा हेवा वाटत होता. या शहरात मी उद्या कुठेही उशिरा पोचले असते, तरी मला ओरडणारं कुणी नव्हतं.