तळ्यात थाळी सोडणाऱ्या बाई

त्यांना सगळे थाळीवाल्या बाई म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं सहायक म्हणून काढली, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, पोरांनी फोडलेल्या नळ्यांच्या काचा वेचल्या. पण लोकांच्या लक्षात राहिली ती थाळीच.

थाळी साधी, घरातलीच. तिचे चार भाग करून बाईंनी ते आलटून पालटून काळे-पांढरे रंगवले होते. खाली जुन्या तराजूचं वजन बांधलेलं, वर दोरी, दोरीवर दर सेंटीमीटरला खूण. दर गुरुवारी सकाळी दहा वाजता त्या तळ्याच्या लाकडी धक्क्यावर जाऊन थाळी पाण्यात सोडत. दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा बघायचा, मग हळूहळू वर ओढत पुन्हा दिसू लागली की बघायचा. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवशीचं पाणी किती नितळ, ते.

हे त्यांनी हौसेनं सुरू केलेलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी त्यांनी सरकारी पर्यावरण निधीकडे पहिला अर्ज केला होता. वस्तीचा नाला थेट तळ्यात उतरतो, त्याच्या तोंडाशी वाळू, खडी आणि पाणकणसाची गाळणी बांधायला मदत द्या, एवढंच मागणं होतं. अर्ज एका ओळीच्या उत्तरासह परत आला: पुराव्याअभावी अमान्य. बाई म्हणाल्या, पुरावा हवा ना, मग देऊ. त्याच आठवड्यात थाळी रंगवली.

पहिल्या वर्षीची दोरी सुती होती. भिजली की ती आखडते, हे वर्ष सरल्यावर लक्षात आलं. बाईंनी वर्षभराच्या सगळ्या नोंदींवर आडवी रेघ मारली, नायलॉनची दोरी आणली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. काट्याचा माणूस; घरातलं घड्याळ अर्धा मिनिट मागे पडलं तरी त्यांना घास उतरत नसे. बायकोच्या उद्योगावर ते म्हणायचे, लोक जेवायला थाळी घेतात, आमच्याकडे ती आंघोळीला जाते. पण रेघ मारलेली वही त्या दिवशी त्यांनी नुसती दोनदा चाळून जागेवर ठेवली होती.

निधी शोधणं हे मोजण्याहून कठीण निघालं. एका योजनेत संस्था नोंदलेली हवी, म्हणून शेजारणींना गोळा करून संस्था नोंदवली. दुसरीत तळ्याचा आकार लहान पडला. तिसरी योजना यांचा अर्ज पोचेपर्यंत बंदच झाली. पाच अर्ज गेले, पाचही परत आले. संस्थेतल्या बायकांनी हात टेकले. बाईंचा गुरुवार मात्र चुकला नाही.

एकदाच त्यांच्या हातून सुटला, सलग चौदा आठवडे. ऐन उन्हाळ्यात त्या जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. तेव्हा यजमान म्हणाले, मी आहे ना. ते दर गुरुवारी थाळी घेऊन जायचे आणि तिथून आधी दवाखान्यात, पुढे घरी यायचे. बाई पडल्या पडल्या विचारायच्या, "किती?" ते आकडा सांगायचे. पहिल्या आठवड्यात त्रेपन्न, मग साठ, मग एकाहत्तर. बाईंना वाटायचं, तळं सुधारतंय. त्या आकड्यांवर त्यांना झोप लागायची.

बाई काठी टेकत चालू लागल्या, तेव्हा त्यांचं पहिलंच माप एकेचाळीस आलं. पावसाचा गढूळपणा असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. त्याच वर्षाअखेरीस यजमान गेले. झोपेतच.

यंदा भाचीनं नवी योजना शोधून काढली. ती संगणकाच्या कंपनीत होती. निधीच्या संकेतस्थळावरची चाळीस पानांची नियमावली वाचून ती उड्या मारतच आली. लहान तळी चालणार होती आणि गाळणीला पूर्ण अनुदान होतं. अट एकच होती: मागच्या तीन वर्षांच्या सलग नोंदी, एकाच जागी, एकाच पद्धतीनं घेतलेल्या.

"मावशी, ही योजना तुझी वही बघूनच लिहिलीये कोणीतरी," भाची म्हणाली.

दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. बाई वहीतून आकडे वाचत होत्या, भाची टंकत होती. यजमानांच्या अक्षरातलं पान आलं. बारीक, सरळ अक्षर, घड्याळाच्या पावतीवर असायचं तसंच. चौऱ्याऐंशी, त्र्याण्णव, एकशे दोन. एकशे दहावर येऊन बाई थांबल्या.

"काय झालं?"

"उन्हाळ्यात धक्क्यापाशी पाणीच एकशे पाच असतं," बाई म्हणाल्या. "एकशे पाचला थाळी तळाला टेकते. एकशे दहावर ती दिसणार कुठे, मातीत?"

भाचीला समजायला थोडा वेळ लागला. मग तीही टंकायची थांबली.

दुसऱ्या दिवशी बाई तळ्याच्या रखवालदाराकडे गेल्या. तो म्हणाला, साहेब दर गुरुवारी यायचे, एकही चुकवला नाही. थाळी सोडायचे, वर काढायचे, पुसायचे. मग वही मांडीवर घेऊन बराच वेळ नुसते बसून असायचे.

म्हणजे मोजलं होतं. लिहिलं मात्र दुसरंच.

भाचीनं परोपरीनं समजावलं. चौदा आकड्यांकडे कोण बघतंय? निधीवाल्यांना धक्क्यापाशी किती पाणी असतं हे काय माहीत? फारच खुपत असेल तर पुढच्या-मागच्या नोंदी बघून अंदाजानं भरू, चाळीस-पन्नासच्या आसपास. बारा वर्षं दगडावर डोकं आपटलंस, आता दार उघडतंय तर स्वतःच कडी लावणार का? "आणि काकांनी काही चोरी नव्हती केली," ती शेवटी म्हणाली.

"नव्हतीच," बाई म्हणाल्या. "त्यांनी ते माझ्यासाठी लिहिलं. आपण अंदाजानं भरलं तर ते कोणासाठी?"

त्यांनी त्या पानावर रेघ मारली नाही. ते अक्षर आता पुन्हा उमटणार नव्हतं. समासात फक्त पेन्सिलीनं लिहिलं: या चौदा नोंदी मापाच्या नाहीत. अर्जातही तेच लिहायला भाचीला सांगितलं.

तीन आठवड्यांनी छाननी अधिकाऱ्यांचा फोन आला. त्या अधिकारी महिला सौम्य बोलत होत्या. म्हणाल्या, एवढ्या वर्षांच्या नोंदी आमच्याकडे कोणीच पाठवलेल्या नाहीत, पण तुम्ही स्वतःच लिहिलंय त्यामुळे सलगता तुटते. शेवटच्या खंडानंतर एकोणीस महिनेच होतात, छत्तीस हवेत. मग त्यांनी विचारलं, तो शेरा नजरचुकीनं राहिला का? उद्यापर्यंत सुधारित अर्ज घेता येतो.

"नाही," बाई म्हणाल्या. "शेरा बरोबर आहे."

फोन ठेवल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं. अजून सतरा महिने. त्या अडुसष्टच्या होत्या, खुबा थंडीत ठणकायचा, आणि तोवर ही योजना चालू असेल की नाही हे कोणालाच सांगता आलं नसतं. नाला तर रोजच वाहत होता.

भाची चार दिवस फिरकली नाही. गुरुवारी मात्र साडेनऊला दारात उभी राहिली. रजा टाकली होती. थाळीची पिशवी तिनं उचलली, धक्क्याच्या पायऱ्यांवर मावशीचा दंड धरला आणि दोरी स्वतःच्या हातात घेतली.

"हळू," बाई म्हणाल्या. "वजन आपटलं की गाळ उठतो."

थाळी खाली गेली. पांढरे भाग हिरवट झाले, मग राखाडी, मग दिसेनासे झाले. बाईंनी वाकून खूण बघितली, पुन्हा वर ओढायला सांगितली, पुन्हा बघितली.

"किती?" भाचीनं विचारलं.

"अडतीस."

"मागच्या आठवड्यापेक्षा कमी?"

"दोननं कमी," बाई म्हणाल्या, आणि वही उघडून त्यांनी अडतीस लिहिलं.