बाळूला आत घ्या

लूमच्या खोलीत रुई साचते तसे आमच्याकडे किस्से साचतात. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा थर. शकीलभाईच्या हॉटेलात, त्याला धरून आम्ही चार म्हातारे रोज चहाला बसतो, आणि त्यातले निम्मे किस्से एका गोऱ्या माणसाचे, ज्यानं भिवंडी जन्मात पाहिली नाही! माझी शाळा चौथीत सुटली. पुढे काही चुकलं तर मास्तरांना धरा, मला नाही.

*

त्या शनिवारी क्रिकेट लवकर आटपलं म्हणून शकीलभाईनं चॅनल फिरवला. विलायतेतला फुटबॉल लागला. एक उंच, काटकुळं पोरगं, पाठीवर नऊ नंबर, गोल मारायला जीव तोडून धावत होतं. कोचनं त्याला मध्येच बाहेर बोलावलं. पोरगं बाकड्यावर बसलं, डोक्यावर टॉवेल घेतला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

आमचा जगन रिक्षावाला कप ठेवून उठला. "कुणी काढला रे त्याला? बाळासारखं रडतंय ते."

त्याचं खरं नाव आमच्या जिभेला जड. तो बाळू झाला. आज पस्तिशी उलटली तरी बाळूच.

जगनला एवढं का झोंबलं ते आम्हाला ठाऊक होतं. जगन म्हणजे एके काळचा आमच्या अंजूर गावच्या फुटबॉल संघाचा मधला फॉरवर्ड. गावच्या फायनलला आमच्या ट्रेनरनं, तात्यानं, त्याला हाफटाइमला बाहेर काढून सरपंचाच्या मेहुण्याला आत घेतलं. मेहुण्याचा पाय सोडा, सावलीसुद्धा बॉलला लागली नाही! हरलो. त्या दिवसापासून जगन तात्याशी बोलत नाही आणि मैदानातही उतरला नाही. पुढे मैदानच उरलं नाही, तिथं गोडाऊन झालं.

म्हणून बाळूला बसवणारा प्रत्येक कोच, मग तो इंग्लिश असो की इटालियन, जगनच्या तोंडी 'तात्या'. "नवा तात्या आलाय, हा पण बसवणार." "ह्या तात्याला टक्कल हाय." खरा तात्या समोरच्या सलूनच्या बाकावर पेपर घेऊन बसायचा. त्याला सगळं ऐकू जायचं. पेपरचं पान मात्र उलटायचं नाही.

*

पुढच्या वर्षी क्लबनं बाळूला दुसऱ्या क्लबला लोनवर दिला. सीझनभर तिकडे खेळायचं, मग परत यायचं, असं शकीलभाईनं समजावलं.

जगन पेटला. "माणूस हाय का उखळ हाय, शेजाऱ्याला उसनं द्यायला?"

शकीलभाईनं पुढची गोष्ट सांगितली, की मूळ क्लबाविरुद्ध मॅच असली तर त्यात बाळूनं खेळायचं नाही.

लूमवाले मोईनशेठ तोवर बिस्कीट बुडवत होते. ते म्हणाले, "बराबर हाय. उसना दिलेला कोयता आपल्याच केळीला लागला तर?"

मोईनशेठ त्या दिवशी घरी चालत गेले. जगननं रिक्षात घेतलं नाही.

*

एकदा इंग्लंडच्या संघात बाळूचं नाव आलं! जगननं रिक्षाला हार घातला, नाक्यावर पेढे वाटले. सलूनच्या बाकावरही एक पेढा ठेवला, तात्याकडे न बघता.

तिकडे काय झालं? बाळूला ड्रेस दिला, फोटो काढला आणि बाकड्यावर बसवला. एक मिनिट खेळवला नाही. पुन्हा बोलावलाही नाही. मी मस्करी करणारा माणूस, पण त्या दिवशी माझंही डोकं फिरलं. साहेबाच्या देशात ही पद्धत?

जगन म्हणाला, "हळदीला बोलावलं, मांडवात बसवलं, आणि मटणाचं पातेलं आलं तेव्हा म्हणतात, तुम्ही उठा."

आमच्या गावात यापेक्षा लहान कारणावरून सोयरिकी मोडल्यात.

*

मग बाळूचे गोल आटले. बॉल खांबाला लागायचा, गोलकीपरच्या पोटाला लागायचा, आत काही जायचा नाही. जगनची बायको सुगंधावहिनी म्हणाली, पोराला नजर लागली. एका शनिवारी ती मीठ-मिरच्या घेऊन हॉटेलात आली. बाळू स्क्रीनवर मोठा दिसला तेवढ्यात तिनं टीव्हीवरून ओवाळलं आणि सगळं चहाच्या शेगडीत टाकलं. काम पक्कं व्हावं म्हणून मी गुपचूप आणखी मूठभर लवंगी मिरच्या टाकल्या.

अख्खं हॉटेल खोकत रस्त्यावर आलं. समोर सलूनमध्ये तात्या खोकतोय, त्याचा न्हावी खोकतोय, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खोकतंय. आणि आत टीव्हीवर आरडाओरडा! बाळूनं गोल मारला. आमच्यातल्या एकानंही पाहिला नाही.

शकीलभाई डोळे पुसत म्हणाला, "देखा? नजर उतर गई."

जगन म्हणाला, "खरी नजर असती तर ठसका लागला नसता. नजर नव्हतीच. तात्याच त्याला बॉल देऊ देत नव्हता."

*

मग ते कॉम्प्युटरवर रेषा मारायचं खूळ निघालं. बाळूनं असा गोल मारला की मोईनशेठसुद्धा उभे राहिले. आम्ही नाचलो, एकमेकांच्या अंगावर चहा सांडला. मग मॅच थांबली. टीव्हीवर लाल रेष, निळी रेष. बाळूच्या बुटाचा अंगठा म्हणे समोरच्या गड्याच्या पुढे होता, ऑफसाइड. गोल परत घेतला!

मोईनशेठ मळक्या फडक्याला हात पुसत म्हणाले, "माझ्या ताग्यात चार धागे कमी निघतात तरी व्यापारी उचलतो. हे लोक कुणाचं कापड पास करत असतील का?"

*

वय झालं तसा बाळूचा क्लब उतरत गेला. मोठ्यातून मधला, मधल्यातून लहान. टीव्हीवर दिसेना. बाजारातही त्याला कुणी विचारेना. त्याच्या जुन्या क्लबाचे, नऊ नंबरचे शर्ट वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये धूळ खात पडले होते. शेवटी ते हमालांना वाटून टाकले.

जगन भाडं घेऊन वडप्याला गेला, तर ट्रकमधून खोकी उतरवायला सगळे बाळू! एक खोकं फेकतोय, दुसरा झेलतोय, तिसरा डोक्यावर घेतोय. भाडं खोळंबलं, पण हा बघतच बसला.

संध्याकाळी आम्हाला म्हणाला, "एवढे नऊ नंबर एका जागी. आणि एकालाही बाकड्यावर बसवलेला न्हाय."

*

शेवटची मॅच आम्ही शकीलभाईच्या मोबाईलवर पाहिली. बाळू निवृत्त होणार हे सगळ्यांना माहीत. त्याची आई मैदानात आलेली. आणि तिथल्या तात्यानं काय करावं? अख्खा उत्तरार्ध बाळूला रेषेबाहेर पळवत, अंग गरम करत ठेवला. शेवटची शिट्टी झाली. बाळूनं इतरांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या आणि आत निघून गेला. ना टाळी, ना हार!

जगन दोन दिवस रिक्षावर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो ठरवूनच. म्हणाला, "शिपाई रिटायर झाला तरी शाल-नारळ देतात. बाळूला कोण देणार?"

आम्ही देणार! शुक्रवार धरला, लूम बंद असतात. फ्लेक्स छापला, वर बाळू मोठा, खाली शुभेच्छुक म्हणून आम्ही चौघे गॉगल लावून. जागा अंजूरची, जिथे आमचं मैदान होतं तिथली. गोडाऊनच्या वॉचमननं बजावलं, काय करायचं ते जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे. पलीकडे ट्रक फिरतात, पाय ठेवायचा नाही.

प्रमुख पाहुणा मी ठरवला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. काठी टेकत तात्या आला. जगननं बघितलं आणि तडक रिक्षाकडे गेला. रिक्षाची चावी माझ्या खिशात होती.

मग मी पुकारलं, की बाळूशेट कामामुळे विलायतेत आहेत, त्यांच्या वतीनं सत्कार जगनशेट स्वीकारतील. तात्यानं शाल उघडली. जगननं हात पुढे केला नाही.

"शाल नको," तो म्हणाला. "त्याला आत घ्यायला पाहिजे होतं."

तात्यानं पिवळ्या पट्ट्यापलीकडे बघितलं. लांबलचक काँक्रीट, आणि पार टोकाला, जिथे आमचा गोल असायचा तिथे, एक बंद शटर. त्यानं शालीची घडी करून काखेत मारली.

"चपला काढ," तात्या म्हणाला.

जगननं चपला काढून माझ्या हातात दिल्या. तात्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जगन पट्टा ओलांडून पळत सुटला, साठीचा माणूस, अनवाणी, शटरच्या दिशेनं.

वॉचमन शिट्टी मारत धावला. "ओ काका! आत जायचं न्हाय!"

तात्यानं काठी उचलली. "शिट्टी बंद कर. मी पाठवलाय त्याला."