आतोबांची रोमन वेस

लालबागमध्ये बसून रोमन साम्राज्याची काळजी वाहणारा माणूस पृथ्वीतलावर एकच, आणि तो माझ्या आत्याचा नवरा निघावा हा आमच्या घराण्याचा योग. आतोबांनी जर्मनी सोडाच, धड पुणंही पाहिलेलं नाही. पण तिकडच्या ट्रिअर गावातल्या रोमन वेशीबद्दल ते असे बोलतात, जणू कालच तिथे पान खाऊन परतलेत. रद्दीतल्या एका मासिकात त्या काळ्या दरवाज्याचा फोटो त्यांना दिसला आणि ते कामातून गेले, कारण आमच्या चाळीच्या तोंडाशीही काळ्या दगडाची कमान होती. आत्यानं कोथिंबीर आणायला धाडलं की ते कमानीच्या दगडावर हात ठेवून, डोळे मिटून उभे राहत आणि घरी आमटी खोळंबे. आल्यागेल्याला चहाआधी इतिहास मिळे. "रोमनांनी तो पुरा केलाच नाही बघ. काही दगड अजून ओबडधोबड आहेत. पुढे लोकांनी दगडांमधलं लोखंडसुद्धा उपटून नेलं. पडायचाच, पण एक साधू तिथे जाऊन राहिला, त्याच्यामागे तिथे चर्च झालं, म्हणून वाचला!" हे ऐकताना एकदा प्लंबर नळ उघडाच विसरला आणि खालच्या बिऱ्हाडात पाणी शिरलं.

मग चाळीच्या जागी टॉवर ठरला. आतोबांची तक्रार नव्हती. संडास घरात येणार म्हणून तेही खूश होते. फक्त कमान राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं. मीटिंगमध्ये सगळे हसले. आत्या मात्र म्हणाली, "देवाचो एक फोटो लाव थंय. कोण हात लावूचो नाय."

आयुष्यभर आरतीला खिशात हात घालून उभा राहिलेला हा माणूस. पण त्यांना ते चर्च आठवलं. सकाळी त्यांनी गणपतीची टाइल आणली आणि भरमसाट सिमेंट थापून कमानीवर बसवली. रोज दिवा लावू लागले. येणारे-जाणारे चपला काढू लागले, तसे आतोबा खुलले. "अगदी ट्रिअरसारखं चाललंय!"

बिल्डर फार भाविक निघाला. त्यानं भटजी आणले, साग्रसंगीत पूजा केली, छिन्नीनं टाइल अलगद सोडवून घेतली, पेढे वाटले आणि जेवणानंतर कमान पाडली. आतोबांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"तिकडे पुढे चर्च काढलं आणि दरवाजा ठेवला," ते एवढंच म्हणाले. "आपल्याकडे उलटं झालं."

आता टॉवरच्या लॉबीत संगमरवरी कोनाड्यात ती टाइल टेकवून ठेवली आहे. दिवेलागणीला आतोबा खाली उतरतात, टाइलच्या मागे हात घालतात आणि डोळे मिटून उभे राहतात. देवानं अखेर नवऱ्याला वळण लावलं म्हणून आत्या समाधानी आहे. परवा मी त्यांची चेष्टा केली, "काय आतोबा, झालात भक्त?" त्यांनी माझा हात धरून टाइलमागे नेला. बोटांना गार, खरखरीत काहीतरी लागलं. त्या भरमसाट सिमेंटला चिकटून कमानीचा एक कपचा टाइलबरोबर निघून आला होता. मी तो चाचपू लागलो.

"हळू रे," आतोबा डोळे न उघडताच म्हणाले, "वेस आहे."