मान वर केलेला मावळा

अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालं की माणसं देवदर्शनाला लागतात. नवनाथ काठे लढाईला लागले. लढाई म्हणजे मुक्या सिनेमांतली. पत्र्याच्या तलवारी, पुठ्ठ्याच्या ढाली, 'तुंबळ रणसंग्राम' छापलेली पिवळी हँडबिलं, प्रोजेक्टरचं एक हँडल, मिळेल ते जमवायचं. भद्रकालीतले भंगारवाले त्यांना लांबूनच हाका मारत. बायको छायाताई वैतागून म्हणत, "घरात गव्हाची कोठी ठेवायला जागा नाही, आणि ह्यांनी दोन्ही फौजा आणून बसवल्यात!"

पण नवनाथांचा जीव तलवारींत नव्हता, एका चेहऱ्यात अडकला होता. त्यांचे आजोबा पुंजाबा गोदाकाठी मेथी-कोथिंबीर पिकवायचे, आणि सिनेमा कंपनी लढाई घ्यायला आली की बैलगाडीसकट तिकडे जायचे. सकाळी मोगल म्हणून पडायचं, भाकरी खाऊन झाली की मावळा म्हणून. नवनाथ जन्मायच्या आधीच ते गेले, मागे एकही फोटो नाही. पितृपक्षात घरातल्या सगळ्या फोटोंना हार पडायचा, पुंजाबांच्या नावाने मात्र पाटावर सुपारी. नातवाला त्या सुपारीचं फार वाईट वाटायचं. कंपनीच्या एखाद्या फोटोत तरी आजोबा सापडतील, एवढ्यासाठी हा सगळा पसारा.

ओळखणारं माणूस आता एकच उरलं होतं. पुंजाबांची लेक, सिन्नरला दिलेली कुसाबाई आत्या. नव्वदीला टेकलेली, एक डोळा गेलेला, दुसराही दमत चाललेला. जुना फोटो मिळाला की नवनाथ एसटीने सिन्नर गाठत. आत्या निरखून बघायची आणि म्हणायची, "नाय रे बाळा, ह्यात नाय."

यंदा हाती लागलेला फोटो दाखवायचीही त्यांना लाज वाटत होती. रणांगणभर सैनिक मरून पालथे पडलेले, तोंडं मातीत. त्यात एक मेलेला मावळा चक्क मान वर करून भलतीकडेच बघत होता. नासलेला फोटो. इतर संग्राहकांनी हसून बाजूला टाकलेला. तरी ते तो घेऊन सिन्नरला गेले.

आत्याने तो ओट्यावर उन्हात धरायला लावला. बराच वेळ बघितलं, आणि खुदकन हसली. मग तिला हसू आवरेना.

"मेलाय, तरी ध्यान बैलाकडं!"

"कोणता बैल, आत्या?"

"अरे, हा माझा बाप हाय! लय वेळा सांगायचा. हा मरून पडला, अन् तिकडं आमचा ढवळ्या सुटून दुसऱ्याच्या मेथीत घुसला. सायेब वरडतोय, 'मेलास ना तू, पडून राहा!' अन् हा पडल्या पडल्या बैलाला हाका मारतोय! मुका शिनेमा, म्हणून निभावलं."

हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. फोटोतल्या त्या मातीने माखलेल्या गालावरून तिचं बोट फिरत राहिलं. "किती वर्षांनी दिसला रे," ती म्हणाली. नवनाथांनाही रडू आवरलं नाही.

यंदाच्या पितृपक्षात पाटावर सुपारी नव्हती. पुंजाबांचा चेहरा मोठा करून, चौकट घालून भिंतीवर लावला होता. छायाताईंनी मेथीची भाजी करून पान वाढलं, हार घातला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं.

"अहो, हे आपल्याकडे बघतच नाहीत."

"बैल परत येईपर्यंत नाही बघायचे," नवनाथ म्हणाले आणि हात जोडले.

भिंतीवरचे बाकी सगळे समोर बघत होते. पुंजाबा तेवढे ढवळ्याकडे.