अन्नपूर्णाबाईंच्या शेराला भोक

उंद्रीच्या अन्नपूर्णाबाईंना रागवायला कारण लागत नसे. तरी किलो आला त्या साली सरकारने ते पुरवलं.

गावातल्या लग्नाचे बुंदीचे लाडू त्यांच्याच हातचे. त्यांच्याकडे सासूचा पितळी शेर होता. शेर म्हणजे मापायचं भांडं. बेसनाला साखर किती, असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "बराबर." एक शेर बेसन, एक शेर साखर. यापलीकडे त्यांचं शास्त्र नव्हतं आणि यापलीकडे उंद्रीला लाडू नव्हता.

दुकानदाराच्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून आपला शेर घेऊनच त्या चिखलीच्या बाजारात गेल्या. तिथे वजनमापांचा साहेब जुनी मापं बाद करत होता. त्याने शेराच्या बुडाला भोक पाडलं आणि भांडं परत दिलं.

"मी काय इकून राह्यली का यानं? घरचं भांडं हाय हे!"

"बाई, कायदा सगळ्यांना सारखा," साहेब म्हणाला. ते खरंच होतं. मापात मारणाऱ्या वाण्याच्या शेराला जेवढं भोक, तेवढंच बाईंच्या शेराला. एक सूतही कमी नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या धाकट्या दिराच्या, कडूबाच्या, पोरीचं लग्न निघालं. 'बराबर' हा शब्द कडूबाला पाठ होता. त्याने खामगावहून वीस किलो बेसन आणि वीस किलो साखर आणली. बेसनाचा ढीग परातीत मावेना. साखर शेजारी दबून बसलेली.

"बाकीची साखर कुठी हाय?"

"बाकीची कोणती, वयनी? बराबर आणली. काटा पाहून."

"डोये फुटले का भाऊजी तुमचे? बेसन हलकं, साखर जड. काटा म्हणते सारखं, जीभ म्हणन का?"

गावातल्या दुकानात साखर उरली नव्हती आणि लग्न उद्यावर आलेलं. "मंग घाला सगळं बेसन," कडूबा म्हणाला. "पानावर दोन-दोन लाडू वाढतो असं सोयऱ्याले सांगून बसलो मी."

"फिक्के? माह्या हातून फिक्का लाडू जाणार नाही."

"लगन माह्या पोरीचं हाय का तुमच्या जिभेचं?"

बाईंनी शेर उचलला, बुडाच्या भोकावर अंगठा दाबला आणि मापायला बसल्या. शेर साखर, शेर बेसन. साखर संपली तिथे हात थांबला. उरलेल्या बेसनाचा त्यांनी दुसऱ्या दिवशी झुणका केला.

पंगतीत प्रत्येक पानावर एक लाडू आला, शेजारी झुणका. नवरदेवाचा बाप म्हणाला, "लग्नात झुणका?" कडूबाने मान खाली घातली.

"आधी लाडू खा, मंग बोला," बाई मागून गरजल्या.

त्याने खाल्ला आणि दुसरा मागितला. मागितला म्हणून बाईंचा राग जरा उतरला. नाही म्हणावं लागलं म्हणून लगेच परत चढला.

कडूबाने त्यानंतर वर्षभर बोलणं टाकलं. धाकट्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र स्वतः दारात येऊन उभा राहिला.

"वयनी, साखर किती आणू?"

बाईंनी शेर आणून त्याच्यापुढे आदळला.

"हे घेऊन जा. अन् अंगठा नीट दाबजा, गळते."