दुरुस्त करून परत

धाकट्या बहिणीचा मला रोज एक मेसेज येतो. गेल्या दोन वर्षांत त्यात एकही चूक नाही. तो उघडायची मला भीती वाटते.

आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. वडील चिकलठाण्याला एका कारखान्यात माल चढवायचे. कॉलेजात पहिल्या वर्षी सरांनी माझा इंग्रजी अर्ज वर्गासमोर वाचला, एकेका चुकीवर थांबत. पोरं हसली. त्या दिवसापासून चुकलेला शब्द मी पन्नास वेळा लिहून काढायची. आज त्याच चिकलठाण्यात एका कंपनीच्या ऑफिसात मी इंग्रजी पत्रव्यवहार बघते. माझ्या पत्रावर साहेब न वाचता सही करतात.

बहिणीचं शिक्षण दहावीवर थांबलं, पुढं लग्न होऊन ती वैजापूरला गेली. ती मागं राहू नये म्हणून मीच नियम घातला, मला मेसेज इंग्रजीतच करायचा. ती करायची, पण मोबाइलच्या त्या तुटक भाषेत. ‘यू’ला एक अक्षर, ‘प्लीज’ला तीन, बाकी सगळे स्वर गाळलेले. जयभीमसुद्धा दोन अक्षरांत उरकायची. मला ते बघवायचं नाही. तिचा प्रत्येक मेसेज मी दुरुस्त करून परत पाठवायची, तिनं तो नीट लिहून पुन्हा पाठवायचा, तोवर मी उत्तर द्यायची नाही. “आल्या हेडबाई,” म्हणून ती मला चिडवायची. पण लिहायची.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिचा मेसेज आला. तीच तोडकी अक्षरं. ताई, इथं राहवत नाही, मला घ्यायला ये. मला ते कळलं नाही असं नव्हतं. एका नजरेत कळलं. पण शेजारी डबा खात बसलेल्या सहकाऱ्यानं फोनमध्ये डोकावून म्हटलं, “मॅडम, बहिणीला शाळेत घातलं नव्हतं का?”

माझे कान तापले. मी तिला लिहिलं, पूर्ण लिही.

वीस-पंचवीस मिनिटांनी उत्तर आलं. स्वल्पविराम, पूर्णविराम, मोठी अक्षरं जिथल्या तिथं. मी बरी आहे, कृपया काळजी करू नये, असं. मी ते त्या सहकाऱ्याला दाखवलं. हेही लपवत नाही.

रविवारी वैजापूरला गेले. सासू समोरून हलली नाही. बहिणीनं चहा केला, आईचं गुडघ्याचं दुखणं विचारलं. दाराआड कपड्यांची एक पिशवी होती, गच्च भरलेली, वर टॉवेल घडी करून ठेवलेला. कुठं निघालीस का, मी विचारलं.

“नाय ताई. धुवायचे हायेत.”

धुवायच्या कपड्यांना कुणी अशी घडी घालत नाही. मी कप खाली ठेवला. बसची वेळ झाली होती, उठले.

तेव्हापासून रोज सकाळी मेसेज येतो. मी बरी आहे. घरी सगळे बरे आहेत. फोन केला तरी तेच, माझ्याच ऑफिसातलं पत्र कुणी वाचून दाखवावं तसं. दुपारी मी डबा उघडते आणि ती पिशवी दिसते. कधी टेबलाच्या पायाशी, कधी कपाटाआड. वाकून बघते, तर काही नसतं.

मागच्या आठवड्यात मी तिला तिच्याच जुन्या अक्षरांत लिहिलं, स्वर गाळून. घरी ये, मी घ्यायला येते. शेजारचा तोच सहकारी बघत होता, बघू दिलं.

दोन निळ्या खुणा उमटल्या. ती काहीतरी लिहितेय असं बराच वेळ दिसत राहिलं. मग आलं. माझंच वाक्य होतं ते, दुरुस्त करून परत पाठवलेलं. बाकी काही नाही.

नियम माझाच होता. मी ते नीट लिहून पुन्हा पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचा मेसेज आला. त्या वाक्याला उत्तर अजून नाही.

दोनदा बसस्टँडवर जाऊन परत आलेय. समोर बसून, सासूच्या देखत ती ‘मी बरी आहे’ म्हणाली, तर मी काय करू?