दहिवलीच्या अक्षदाची पिपाणी

सरळ सांगते. माझ्या शेजारच्या अक्षदावर अन्याय झाला, माझ्या डोळ्यांदेखत झाला, आणि तो करणारा मनोज आजही दहिवलीत छाती काढून फिरतो. लोक मला म्हणतात, "सुनंदाकाकू, एवढ्याशा आवाजापायी कशाला डोकं फिरवून घेताय?" हे त्या लोकांसाठीच लिहिते आहे. वाचा, आणि मग सांगा एवढासा म्हणजे केवढासा.

अक्षदाचा बाप लडकू बेंजो पार्टीचा टेंपो चालवायचा. आमच्या भागात नवरदेवाला हळद नंतर लागते, आधी मांडवात स्पीकर लागतात. बेंजो, ढोलकी, कच्छी ढोल, पॅड, कीबोर्ड, आणि पुढे नाचणारं अख्खं गाव. लडकू या सगळ्या सामानाबरोबर पोरीलाही न्यायचा, कारण आई लवकर गेलेली. पोर स्पीकरच्या खोक्यावर गोधडी टाकून झोपायची आणि गाणं बदललं की जागी व्हायची. पार्टीनं भंगारात काढलेला एक कॅसिओ लडकूनं घरी आणला. त्याच्या काही पट्ट्या मेलेल्या होत्या. अक्षदा वाजवताना त्या पट्टीपाशी आली की तेवढा सूर तोंडानं म्हणायची आणि पुढे जायची. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ते ऐकू यायचं. मी साजगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते, दिवसभर डोकं पिकलेलं असायचं, तरी या पोरीला "बंद कर" म्हणावंसं कधी वाटलं नाही. यावरून काय ते समजा.

ती बी.कॉम. झाली. नोकरी कसली मिळणार, साजगावलाच पॅकिंगमध्ये लागली. पार्टी आबाजींनी उभी केलेली. ते स्वतः नामी बेंजोवाले. त्यांची बोटं थकल्यावर पार्टी मुलाकडे, मनोजकडे आली. मनोजचा कीबोर्डवाला ऐन लग्नसराईत सोडून गेला, तेव्हा लडकूच्या पोरीची आठवण झाली. "तात्पुरती घेतोय हां, लडकूदादा," मनोज म्हणाला. मग ती तात्पुरती पोर वर्षानुवर्षं वाजवत राहिली. कारखान्यातून सुटायची, तशीच मनोजच्या घरी जाऊन सराव करायची.

एका हळदीत पार्टीच्या मोठ्या कीबोर्डावर कुणीतरी सरबताची घागर उपडी केली आणि तो गेला. मनोज नवा घेईना. अक्षदानं आपल्या बोनसमधून एक छोटा मिडी कीबोर्ड आणला. पंचवीस पट्ट्यांचा, लाटण्यापेक्षा थोडा लांब, पिशवीत डब्याशेजारी मावेल असा. कच्छी वाजवणारा कमळ्या बघून म्हणाला, "ह्ये काय गं, पाळण्यावर टांगायचं खेळणं आणलंस?" तिनं पट्ट्या दाबून दाखवल्या, तर आवाजच नाही. कमळ्या पोट धरून हसला. "मुकं आणलंस, मुकं."

तिनं शांतपणे समजावलं. असल्या कीबोर्डाला स्वतःचा आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात दाबली, एवढंच तो लॅपटॉपला सांगतो. आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचा. त्याच्या खोक्यात एक कागद मिळतो, त्यावर कोड असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की सॉफ्टवेअर सिंथेसायझर उतरवून घ्यायला मिळतो. दुकानात याहून स्वस्त कीबोर्ड होते, पण त्यांच्यासोबत चांगला सिंथेसायझर नव्हता. तिनं कीबोर्ड घेतला तो या कागदासाठी.

आता चूक ऐका. कोड टाकताना साइटनं ईमेल विचारला. अक्षदानं पार्टीचा दिला, म्हणजे मनोजचाच. का? आमच्याकडे ढोलकी कुणीही विकत आणो, तिच्यावर तैलरंगात पार्टीचं नाव घालतात. स्पीकरवर, खोक्यांवर, टेंपोवर, सगळीकडे तेच नाव. "तसंच पार्टीचं नाव घातलं, काकू," ती मला नंतर म्हणाली. बरं, ढोलकीवर नाव पार्टीचं असलं तरी पार्टी सोडताना वादक ढोलकी घेऊन जातो. ज्याचं वाद्य त्याचं, हा आबाजींनी घालून दिलेला रिवाज. तिथे कधी कुणी खोटं केलं नव्हतं. पोरीला संशय यावा तरी कशाचा?

सॉफ्टवेअर घातलं पार्टीच्या लॅपटॉपवर. त्यात तयार आवाज शेकडो होते, गुळगुळीत, हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतात तसले. अक्षदाला ते नको होते. तिला पानाची पिपाणी हवी होती, पोरं पान गुंडाळून फुंकतात ती. आणि त्या पिपाणीत हळदीच्या बायांचा गळा हवा होता, रात्रभर गाऊन फाटलेला. कीबोर्डावरची गोल बटणं फिरवत, दोन आवाज एकावर एक ठेवून, त्यातला एक किंचित चढवून, ती दिवसचे दिवस बसली. एका संध्याकाळी तो आवाज लागला. कसा लागला ते तिलाही धड सांगता येत नाही. लागला आणि तिनं तो सेव्ह केला.

कोंडाणे गावातल्या एका हळदीत तो पहिल्यांदा वाजला. मी तिथे होते. भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या पदर खोचून उठल्या. एक विमलबाई म्हणून आहेत, गुडघ्यांनी अधू, त्या म्हणाल्या, "कोण गातंय गं ही, आपल्यातलीच वाटते." त्या लग्नसराईत कर्जतपासून खोपोलीपर्यंत लोक सुपारी देताना विचारू लागले, "ती पिपाणी असणार ना?"

आणि मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले. खाली लिहिलेलं, "मनोजभाईची पिपाणी." बॅनरवर सगळ्या वादकांचे फोटो, कमळ्याचासुद्धा, गॉगल लावलेला. अक्षदाचा नाही.

तिनं विचारलं. मनोज म्हणाला, "बाईमाणसाचा फोटो चौकात टांगायचा का? उद्या तुझं लग्न जमायचं हाय, तुझ्याच भल्याचं बोलतोय."

"माझ्या भल्याचं मी बघते, मनोजदादा. तू नाव टाक."

"नाव पार्टीचं असतं."

"मग मनोजभाईची पिपाणी कशी झाली?"

याचं उत्तर दुसऱ्या आठवड्यात आलं: त्यानं तिला नारळ दिला. अक्षरशः दिला. सगळ्यांसमोर, हळदकुंकू लावून, तिच्या हातात नारळ आणि छोटा कीबोर्ड ठेवला आणि म्हणाला, "ज्याचं वाद्य त्याचं. आमच्यात कुणाचं काय ठेवून घेत नाय." तिच्या जागी प्रवीण म्हणून एक मुलगा आधीच ठरवलेला होता. तो स्वतःचा कीबोर्ड जोडून त्याच लॅपटॉपवर अक्षदाची पिपाणी वाजवणार होता.

अक्षदा माझ्याकडे आली. माझ्या मुलानं टाकून दिलेला लॅपटॉप मी काढून दिला. तिनं कीबोर्ड जोडला. दिवे लागले, पट्ट्या खालीवर झाल्या, आणि खोलीत फक्त प्लॅस्टिकची टकटक. सॉफ्टवेअर पुन्हा उतरवायला जावं तर तिनं घातलेला पासवर्ड मनोजनं बदललेला, आणि नवा मागावा तर पत्र जाई मनोजच्या ईमेलवर. मी कंपनीला लिहिलं. सविस्तर, पावतीच्या फोटोसकट. उत्तर आलं: खातं ज्याच्या ईमेलचं, सॉफ्टवेअर त्याचं; आपल्या संगीतमय प्रवासाला शुभेच्छा. शुभेच्छा वाचून माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही.

तशीच तिला घेऊन आबाजींच्या ओट्यावर गेले. म्हातारा चहा पीत होता.

"काय गं पोरी, वाद्य मिळालं ना तुझं?"

"मिळालं, आबा. पण वाजत नाय."

मी कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. "दाबा," म्हटलं. आयुष्यभर बेंजोची बटणं दाबलेली ती बोटं पट्ट्यांवर फिरली. एकदा, दोनदा. मग त्यांनी तो कानाशी धरला.

"ह्याचा आवाज कुठाय?"

"तुमच्या घरात," मी म्हटलं. "मनोजच्या लॅपटॉपात."

मनोज दारातच उभा होता. "आबा, ते सॉफ्टवेअर पार्टीच्या नावावर हाय. हिनंच नाव घातलंय, इचारा तिला."

आबाजींनी मुलाकडे बघितलं. "म्हंजी पेटी दिलीस आणि आतले सूर काढून ठेवलेस."

मला वाटलं, झालं. म्हाताऱ्याला कळलं. कळलंही होतं, पण कळून त्यांनी काय केलं बघा. कप खाली ठेवला आणि निवाडा दिला. "आजपासून ती पिपाणी पार्टीत वाजायची नाय. तुझी नाय नि त्याची बी नाय. मिटलं."

"मिटलं कसं, आबा?" अक्षदा म्हणाली. "पासवर्ड सांगायचा नि आवाज पेन ड्राइव्हवर घालून द्यायचा, दोन मिनटांचं काम हाय. मी वाजवायला मागत्ये, बंद करायला नाय आले."

"लॅपटॉप पार्टीचा. पार्टीच्या वस्तूला भायेरच्यानं हात लावायचा नाय. जा आता, चहा घेऊन जा."

चहा घेऊन जा. बायकांच्या तक्रारीवर पुरुषांचा न्याय हा असा. पोरीचं काय हिरावलं ते बघायचं नाही. आवाज बंद झाला की भांडण बंद, आणि भांडण बंद झालं की न्याय झाला. मी चहा घेतला नाही. आबाजींना तोंडावर म्हटलं, "तुमच्या बेंजोच्या तारा कुणी तोडून ठेवल्या असत्या तर मिटलं म्हणाला असतात का?" त्यांचं वय झालंय असं मला नंतर चार जणांनी सुनावलं. माझंही झालंय. त्याचं काय?

पुढचा संताप कंपनीवर. तो सिंथेसायझर सुटा घ्यायला गेलं तर मोठी आवृत्ती, आमच्या आवाक्याबाहेरची. लहान आवृत्ती फक्त कीबोर्डाच्या खोक्यात मिळते. म्हणजे धडधाकट कीबोर्ड घरात असताना एका कागदासाठी तसलाच दुसरा कीबोर्ड आणा. आम्ही आणला. मी आणायला लावला. या वेळी ईमेल अक्षदाचा, पासवर्ड अक्षदाचा. दुसरा कीबोर्ड खोक्यातून बाहेरही काढला नाही.

पण सॉफ्टवेअर आलं ते कोरं. पिपाणी त्यात नव्हती. अक्षदा रोज कामावरून येऊन माझ्या जेवणाच्या टेबलावर बसे आणि बटणं फिरवे. जवळ जाई, आणि निसटे. "नाक हाय, घसा नाय," असं काहीतरी पुटपुटे आणि पुसून टाके.

इकडे मनोजच्या सुपाऱ्या अडल्या. बापाचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती, आणि पिपाणी नसेल तर लोक दुसरी पार्टी बघत होते. एका रविवारी दुपारी तो माझ्या दारात आला, खिशात पेन ड्राइव्ह घेऊन.

"काकू, अक्षदा हाय का? कोंडाण्याची मोठी ऑर्डर हाय. ती पार्टीत परत आली तर आबा काय बोलायचे नाय." मग तिच्याकडे वळून, "ये गं परत. बॅनरवर नाव पण टाकतो. बारीक."

"आधी आवाज दे," अक्षदा म्हणाली.

त्यानं पेन ड्राइव्ह दिला. तिनं तो लावला, आवाज उघडला आणि वाजवायला सुरुवात केली. चार सूर वाजले असतील. तिनं हात उचलला.

"ह्याला कुणी हात लावला?"

"प्रवीणनं जरा साफ केला. आबा बोलायच्या आधी. लय फाटत होता ना, स्पीकरवर खरखर येत होती."

"आणि जुना?"

"त्याच्यावरच सेव्ह केला. आता कसा गोड झालाय बघ."

मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. तिनं पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.

"मनोजदादा, तुला चोरी पण नीट करता नाय आली रं."

"अगं, सुधारलाय तर..."

"न्हे तुझं. कोंडाण्याला हेच वाजव, गोड. बॅनरवर माझं नाव नको, बारीक बी नको."

तो मलाच म्हणाला, "काकू, तुमी तरी सांगा हिला. एका आवाजापायी चांगली पार्टी सोडते."

मी दार उघडून उभी राहिले. तो गेला तरी माझा हात कडीवरच होता. त्याच्या मागे जाऊन चौकात चार शब्द ऐकवावेत असं फार वाटत होतं. अजून वाटतं.

"काकू, बसा जरा," अक्षदा म्हणाली. ती पुन्हा बटणांकडे वळली होती. "दोन लावते. कुठला जास्त फाटतोय सांगा."

तिनं दोन्ही वाजवले. मी नीट ऐकले. दुसरा पहिल्यापेक्षा बरा होता, पण तो नव्हता. तोंडदेखलं बोलायची मला सवय नाही.

"दोन्ही नाहीत," मी म्हटलं.

"नाहीच," ती म्हणाली, आणि दोन्ही पुसले.